थाळनेरची नात आणि 'कामिनी'

आधी रेडिओदुरुस्ती, मग कॅसेटी भरून देणं आणि आता इथल्या साप्ताहिकात गाण्यांच्या प्रश्नांना उत्तरं. शिरपुरात माझा धंदा बदलत गेला, गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र तोच राहिला: "आप्पा, हाई गानं कोनं शे?"

सगळ्यात जास्त विचारणा लताबाईंबद्दल. जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. वडिलांकडून गोव्याचं मंगेशी. पण आजोळ? ते आपल्याच तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर. तिथले गुजराती शेठ हरिदास लाड. त्यांची मुलगी नर्मदा मास्टर दीनानाथांना दिली होती. ती वारल्यावर धाकटी शेवंती दिली. त्याच माई, लता-मीना-आशा-उषा-हृदयनाथांची आई. बाहेरचा माणूस थाळनेर म्हटलं की फारुकी सुलतानांच्या कबरी सांगतो. आम्ही माईंचं माहेर सांगतो. पावागढचे गरबे लताबाई आईच्या आईकडून शिकल्या. म्हणजे दीनानाथांच्या तालमीइतकी नसली, तरी त्या गळ्यात थोडी तापी आहेच, असं मी छातीठोकपणे लिहितो. पुण्याचे वाचक रागावले तर रागावोत.

तर ही थाळनेरची नात १९४९ साली 'महल'साठी गायली. खेमचंद प्रकाशांचं संगीत, पडद्यावर मधुबाला आणि तिचा तो झोपाळा. गाणं घरोघर पोचलं आणि रेकॉर्डच्या लेबलवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! तेव्हा रीतच तशी होती. गाणारणीला कोण विचारतो? पण ऐकणाऱ्यांनी विचारलं. रेडिओकडे पत्रं जाऊ लागली, ही बाई कोण? रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव हवेतून लोकांच्या कानावर पडलं. गाण्यांचे प्रश्न म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांना मी ही एकच गोष्ट ऐकवतो. पुढे लताबाई स्वतःही हटून बसल्या. फिल्मफेअरच्या बक्षिसांत गायकांसाठी वेगळा मान नाही, तर त्या सोहळ्यात गाणार नाही म्हणाल्या. तो मान १९५९ साली सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'साठी.

गायिकेचं नाव कळू लागलं, तर सिनेमाचं लपलं. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण केसकर, आपले पुण्याचेच. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. गाणी कमी केली आणि सिनेमाचं नाव सांगणं ही जाहिरात ठरवून तेही बंद. निर्मात्यांनी मग गाणीच काढून घेतली. ऐकणारे गेले रेडिओ सिलोनकडे. तिथे त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि हे आजच्या पोरांना ठाऊक नसतं की सुरुवातीला ती क्रमवारी नव्हतीच, ती परीक्षा होती! सात गाणी उलटसुलट वाजवायची, श्रोत्यांनी ती सिनेमे आले त्या सालांप्रमाणे लावून पाठवायची, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजार. एवढी पत्रं तपासणार कोण? १९५४च्या अखेरीस परीक्षा गेली आणि क्रमवारीचं पायदान आलं. पुढे दिल्लीनेही १९५७ साली विविध भारती काढून माघार घेतलीच.

माझ्या दुकानाची खरी कसोटी कॅसेटीच्या दिवसांत लागली. टी-सीरिजने जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. गिऱ्हाईक रफीसाहेबांचं म्हणून कॅसेट आणायचं, आवाज निघायचा सोनू निगमचा. त्यावरून माझ्या बाकड्यावर पैजा लागल्या आहेत, चहाच्या आणि एकदा कापसाच्या गाठोड्याच्या. निकाल मी कव्हर पाहून द्यायचो. बारीक अक्षरात का होईना, त्यावर नाव असायचं.

आता नाव आहे आणि नाहीही. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं यूट्यूबवरून कुठल्या कुठे गेलं. तिथे खाली गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नाव नीट असतं. पण आपल्या लग्नात ते येतं डीजेच्या पेनड्राइव्हमधून, आणि पेनड्राइव्हवर लिहिलेलं असतं 'न्यू मिक्स ७'. सत्तर वर्षं फिरून आपण पुन्हा 'कामिनी'पाशी आलो. लताबाईंबद्दल विचारायला देशभरातले श्रोते होते. खानदेशी बँडात क्लॅरनेट वाजवणाऱ्याबद्दल, तमाशातल्या ढोलकीवाल्याबद्दल मला अजून एकही पत्र आलेलं नाही. गावोगावी नाचलो त्यांच्यावर, नाव एकाचंही सांगता येत नाही.

म्हणून वाचकांना यंदा उलटी विनंती. मला प्रश्न नंतर पाठवा. आधी माळ्यावरची जुनी खानदेशी कॅसेट उतरवा. फीत बुरशीने गेली असली तरी चालेल. कव्हरवर गाणारा, वाजवणारा, लिहिणारा अशी जी नावं असतील ती वहीच्या कागदावर उतरवून साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. सगळी छापू.