ट्रकच्या दाराचं हँडल
अब्बांच्या जुन्या ट्रकचं बाहेरचं हँडल एकदा हातातच आलं. पलीकडच्या दारानं चढता येत होतं, पण अब्बा म्हणाले, "अपघात झाला तर बाहेरच्या माणसाला दार उघडता यायला हवं." ट्रक मिस्त्रीकडे गेला.

1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. 1969 साली करार संपला. ट्रक आपलाच झाला. पण कारखान्यातून बहुधा नुसती चासी येई. केबिन, दारं, हँडलं गावोगावचे सुतार-लोहार घडवीत. त्यांची नावं कुठं नोंदलेली नाहीत.

मिस्त्रीनं दाराच्या आतला पत्रा काढला. हँडल ओढलं की एक दांडी कुलपाची जीभ मागं घेते. दांडी शाबूत होती, हँडलचा कान तुटला होता. त्यानं नवा कान वेल्डिंगनं जोडला, स्प्रिंगला ग्रीस लावलं आणि दार उघडं ठेवूनच दहादा ओढून पाहिलं. "बंद दार अडकलं तर आत हात कसा घालणार, बेटा?"

पुढं ट्रक भंगारात गेला. हँडल मी ठेवून घेतलं. कराराचा इतिहास पुस्तकात सापडतो. वेल्डिंगच्या या गाठीचा मलाच सांगावा लागतो.