लिंकन घराण्याचे सात पिढ्यांचे मुक्काम

माउलींनो, अब्राहम लिंकन हे नाव आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्यांच्या घराण्यानं सात पिढ्यांत कसे मुक्काम हलवले, ते आम्ही इथे थोडक्यात सांगतो.

मूळपुरुष सॅम्युअल, विणकाम शिकलेले. १६३७ साली ते इंग्लंडातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्सला उतरले. त्यांचे पुत्र मॉर्डेकाय. नातवाचं नावही मॉर्डेकाय. ते न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियात गेले. त्यांचे पुत्र जॉन व्हर्जिनियात आले. जॉनचे पुत्र अब्राहम डोंगर ओलांडून पश्चिमेला केंटकीत गेले. तिथे १७८६ साली मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात ते शेतातच मारले गेले. लहानग्या थॉमसला थोरल्या भावानं वाचवलं.

पुढे थॉमसनी केंटकीत जमिनी घेतल्या. पण मोजणी कच्ची, एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे दावे. आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा आणायचा कुठून? मुख्यतः त्या पायी, आणि थोडं तिथल्या गुलामगिरीमुळं, १८१६ साली त्यांनी इंडियाना गाठलं. १८३० साली बैलगाड्या जुंपून इलिनॉयला निघाले, तेव्हा पुत्र अब्राहम २१ वर्षांचे होते.

हेच अब्राहम राष्ट्राध्यक्ष झाले. १८६२ साली त्यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली: पाच वर्षं राहून कसेल, त्याला १६० एकर. ज्या कागदापायी बापानं गाव सोडलं, तो आता लाखोंच्या हाती आला. पण ती जमीन बेवारस नव्हती. मूळ रहिवाशांकडून ती करारानं, कुठे बळजबरीनं घेतलेली होती. म्हणून आम्हांला वाटतं, वंशावळीत नव्या धन्याचं नाव लिहिताना जुन्या धन्यालाही विसरू नये.