व्हॉल्व्हांचे गणकयंत्र आणि भाच्याचा फोन

२०२२ सालची अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटला होता. या दिवसांत पेणचे गणपतीचे कारखाने ओस पडतात आणि कारागिरांच्या हाती हंगामाचा हिशेब येतो. माझा भाचा अशाच एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. शाळा सुटल्यावर मी पेण स्टेशनात रोह्याच्या गाडीत बसलो, तर समोरच्या बाकावर तो आणि हमरापूरचा त्याचा एक सोबती कडाकडा भांडत होते. मला वाटले, मजुरीवरून काही बिनसले असावे. पण भांडण होते फोनवरून!

वाचकांपैकी ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांना हे प्रकरण ठाऊक असेल. ॲपल कंपनीने त्याच महिन्यात आयफोन १४ बाजारात आणला होता. पण साध्या फोनात आदल्या वर्षीचाच ए-१५ प्रोसेसर ठेवून नवा ए-१६ फक्त महागड्या 'प्रो'ला दिला होता. सोबती म्हणत होता, "नाव नवं आणि आतलं जुनं, ही शुद्ध फसवणूक आहे. घ्यायचा तर प्रोच घे." भाचा म्हणत होता, "जुन्यानं माझं काय अडलंय?" पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. प्रो घ्यायचा म्हणजे हंगामाची बहुतेक कमाई एका खिशात जाणार, आणि घराचे पत्रे तर या पावसाळ्यात गळले होते. शेवटी तो माझ्याकडे वळला. "मामा, तुम्हीच सांगा."

आता मी काय सांगणार? माझे शिक्षण बेताचे, विषय इतिहास, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा छंद. पण गाडीला कासू, नागोठणे, निडी करीत रोह्याला पोहोचायचे होते, तेवढ्या वेळात मी त्यांना याच वादाची एक जुनी कथा सांगितली. तीच इथे लिहितो.

कथेचा आरंभ आमच्या रोह्याशी दुरून का होईना, पण जोडलेला आहे. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. पण रोहेकर त्यांना आपलेच मानतात आणि इथल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव सर्वांना माहीत आहेत. मात्र ते १९४५ पासून १९६४ पर्यंत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याच संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचे गणकयंत्र आले आणि पुढल्या वर्षी सुरू झाले. हिंदुस्थानातले हे पहिले अंकीय गणकयंत्र. किंमत दोन लाखांच्या आसपास. ते मागवण्याचे श्रेय मी चिंतामणरावांना देत नाही; संस्थेचे प्राण होते प्रशांतचंद्र महालनोबिस. पण त्यांचा विचार चिंतामणरावांसारख्या काटकसरी माणसालाही पटण्याजोगा होता: पंचवार्षिक योजनांची गणिते आज करायची आहेत, तेव्हा यंत्र विकत आणा आणि कामाला लागा.

इकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नेमका उलटा डाव मांडलेला होता. होमी भाभांच्या त्या संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या हाताखाली काही तरुण मंडळी गणकयंत्र स्वतःच बांधायला बसली. १९५६ पर्यंत त्यांनी एक छोटे नमुन्याचे यंत्र चालवून दाखवले, आणि १९६० च्या आरंभी पुरे यंत्र उभे राहिले. त्यात २७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत मागच्या बाजूने डोकावले की लालसर उजळलेल्या काचेच्या नळ्या दिसत, त्याच या. प्रत्येक नळी तापायची, वीज खायची, आणि केव्हातरी जळून जायची. यंत्राची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. भाच्याने आखलेल्या एका मूर्तीचा आजचा फोटो साठवायचा तर तसली शेकडो यंत्रे लागली असती! तरी त्याला एक पडदा होता आणि त्यावर आलेख उमटत असे. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट थोडी नव्हे.

पण खरे दुखणे निराळेच होते. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरातच लागला होता. आपली माणसे व्हॉल्व्ह जुळवत बसली असताना तिकडे ते मागे पडू लागले, आणि १९५९ संपता संपता आयबीएमने संपूर्ण ट्रान्झिस्टरचे ७०९० हे यंत्र गिऱ्हाइकांना दिलेसुद्धा. म्हणजे आपले यंत्र जन्मले तेच एक पिढी मागे! १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे केले, आणि १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे ट्रान्झिस्टरचे बलाढ्य यंत्र आले. नाव ठेवून दोनेक वर्षे होतात तोच घरात सवत!

"मग मामा, फुकटच गेली ना मेहनत?" भाच्याने विचारले. मला तसे वाटत नाही. ट्रान्झिस्टरची यंत्रे पक्की होईपर्यंत थांबायचे ठरवले असते तर तोवर शिकायचे कशावर? सीडीसी आले तेव्हा मुंबईत गणकयंत्राच्या पोटात हात घातलेली माणसे तयार होती. ती टिफ्रॅकने घडवली. मात्र सीडीसी आणणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. ज्या शास्त्रज्ञाचे गणित अडलेले आहे त्याला 'आपले यंत्र हळू असले तरी आपले आहे' हे ऐकवून काय उपयोग?

पुण्यात या वादाला तिसरीच वाट फुटली. १९८८ साली तिथे सी-डॅक ही संस्था निघाली, विजय भटकर तिचे संचालक. परदेशी महासंगणक हवे तसे मिळेनात, म्हणून यांनी एका बलाढ्य प्रोसेसरचा नाद सोडून इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे पुष्कळसे छोटे ट्रान्सप्युटर एकत्र राबवले आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. पेणच्या कारखान्यात एकाच कारागिराकडून सारा गणपती करून घेत नाहीत; कोणी साचा भरतो, कोणी रंग मारतो, कोणी डोळे आखतो, त्यातलाच हा प्रकार. पुढच्याच परमला, ८६०० ला, त्यांनी इंटेलचे आय-८६० प्रोसेसर जोडले. म्हणजे भाच्याचा प्रश्न तिथेही वर्षभरात उपस्थित झाला होताच.

एवढ्यात गाडी निडीला आली. सोबत्याने खिशातून फोन काढून हिशेब केला: ए-१६ मध्ये सुमारे १६०० कोटी ट्रान्झिस्टर, टिफ्रॅकमध्ये २७०० व्हॉल्व्ह. भागाकार एकोणसाठ लाखांवर गेला. तो आकडा पाहून तोही क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण गुरुजी, ए-१५ मध्येसुद्धा १५०० कोटी आहेत."

"हेच तर मी मघापासून सांगतोय!" भाचा ओरडला, आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

रोह्याला उतरून आम्ही घरी गेलो. सौभाग्यवतींनी चहा टाकला. भाच्याने आपला जुना फोन काढून मला एका मूर्तीचे डोळे मोठे करून दाखवले. पापणीची रेघ न् रेघ दिसत होती. फोटो काढणारा फोन चार वर्षांचा होता, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. बॅटरी टिकत नाही एवढीच त्याची तक्रार. दसऱ्याच्या सुमारास बहिणीचा निरोप आला की घरावर नवे पत्रे पडले, आणि चिरंजीवांनी फोनला नवी बॅटरी घालून घेतली. हमरापूरच्या सोबत्याने मात्र प्रो घेतला. हप्त्यांवर.