वेगाचा लगाम

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गावी पडवीत एक जुने मिलिंग मशीन आणून बसवले. मोटार थ्री-फेजची, घरात वीज मात्र सिंगल फेज. "सर, ड्राइव्ह घेतो आणि पट्टा-पुल्या काढून टाकतो," तो म्हणाला. मी म्हटले, "ड्राइव्ह अवश्य घे, पण पुल्या काढण्यापूर्वी थोडा इतिहास ऐक." तोच आज आपणांस सांगतो.

जुन्या कारखान्यात वाफेचे एकच इंजिन असे. छताखाली लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा येई. वेग बदलावयाचा तर पट्टा पुलीच्या एका पायरीवरून दुसरीवर सरकवीत. यात एक मोठा गुण होता. वेग घटला की फिरवण्याचा जोर वाढे. चिखलात आपण ट्रॅक्टर खालच्या गिअरला घालतो, तसेच हे.

पुढे 1888 साली निकोला टेस्ला यांनी इंडक्शन मोटारीचे पेटंट मिळवले, आणि 1889 मध्ये डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी थ्री-फेज मोटार सिद्ध केली. मोटार दणकट, पण हट्टी! वीज सेकंदाला 50 आवर्तनांची आणि मोटार चार ध्रुवांची असेल, तर ती मिनिटाला सुमारे 1440 फेरेच घेणार. म्हणून 1938 साली अमेरिकेत निघालेल्या ब्रिजपोर्ट मिलिंग मशीनच्या डोक्यावर मोटार आली, तरी पायऱ्यांची पुली राहिलीच.

हा हट्ट मोडला तो अर्धवाहकांनी. डेन्मार्कच्या डॅनफॉसने 1968 मध्ये असे ड्राइव्ह मोठ्या संख्येने बनवण्यास आरंभ केला. ड्राइव्ह आलेल्या विजेची आधी एकदिश वीज करतो आणि मग तिच्यापासून हव्या तेवढ्या आवर्तनांची थ्री-फेज वीज घडवतो. आवर्तने बदलली की वेग बदलतो.

मात्र 50 ची 25 आवर्तने केली, तर वेग निम्मा होतो, जोर वाढत नाही. म्हणजे 2 अश्वशक्तीची मोटार 1 चेच काम देते. शिवाय तिचा पंखाही मंदावतो, मोटार तापते. पोलादावर मोठा कटर चालवावयाचा तर पट्टाच खाली उतरवला पाहिजे. ड्राइव्ह बारीक फरकासाठी.

आता निवड कशी करावी? प्रथम मोटारीवरची पाटी वाचावी. 230 व्होल्टचा साधा सिंगल फेज ड्राइव्ह थ्री-फेजही 230 व्होल्टचीच देतो. पाटीवर '415 व्होल्ट, स्टार' असून सहाही टोके बाहेर असतील, तर डेल्टा जोडणी करता येते. '415, डेल्टा' असेल तर हा ड्राइव्ह उपयोगी नाही. डेल्टात प्रवाह पावणेदोनपट होतो: पाटीवर 3.5 अँपिअर असतील तर 6 धरावेत, आणि ड्राइव्ह त्याहून कमी घेऊ नये. ड्राइव्ह व मोटार यांच्यामध्ये चालू-बंदची कळ ठेवू नये. ती ड्राइव्हच्या नियंत्रण-टोकांना जोडावी. अर्थिंग पक्के हवे. वीज बंद केल्यावरही आत काही मिनिटे भार टिकतो. लगेच हात घालू नये.

शिक्षकबंधूंनो, शाळेच्या पंपाची पाटी एकदा मुलांना वाचावयास लावा. आमच्या विद्यार्थ्याने आपल्या मोटारीची पाटी घासून वाचली, मगच ड्राइव्ह आणला. पुल्या जागेवरच आहेत.