पैस खांबावरील दीपदान

पैस खांबावरील दीपदान : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी वसलेल्या नेवासे येथील एका पाषाणस्तंभावर कोरलेले दान. करवीरेश्वराच्या मंदिरातील अखंड दीपाच्या तेलासाठी दरमहा द्रव्य दिल्याचा उल्लेख या संस्कृत लेखात आहे.

अखंड दीप अथवा नंदादीप म्हणजे रात्रंदिवस तेवणारा दिवा. विहीर किंवा मंदिर एकदा बांधून दिले की दान पुरे होते. उजेडाचे दान मात्र रोज संपते व रोज नव्याने द्यावे लागते. म्हणून दात्यास तेलाबरोबरच ते पुरविणारी टिकाऊ व्यवस्थाही लावून द्यावी लागे. जमिनीचे उत्पन्न, ठेवीवरील व्याज किंवा तेल्यांनी घाण्यामागे द्यावयाचे ठरावीक तेल, असे तिचे प्रकार प्राचीन व मध्ययुगीन कोरीव लेखांत आढळतात. स्कंदगुप्ताच्या काळातील इंदोर (जि. बुलंदशहर, उत्तर प्रदेश) ताम्रपटात (इ. स. ४६५) सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव सोपविली आहे. श्रेणीने स्थलांतर केले, तरी ती एकत्र असेपर्यंत रोजचे तेल देण्याचे बंधन तिच्यावर होते. अशा लेखांवरून धर्मभावनेइतकीच तत्कालीन पतव्यवस्था व व्यावसायिक संघटना यांचीही माहिती मिळते.

नेवाशाच्या स्तंभास वेगळे महत्त्व प्राप्त झाले ते ज्ञानेश्वरांमुळे. यादव राजा रामचंद्र याच्या कारकीर्दीत, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये, याच स्तंभाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरीत दिव्याच्या उपमा वारंवार येतात. दुसऱ्या अध्यायात लहानशा ज्योतीच्या मोठ्या प्रकाशाचा दृष्टांत सद्‌बुद्धीस दिला आहे. नवव्या अध्यायात घरातील दिवा कोणास आज्ञा करीत नाही व कोणास अडवीतही नाही. त्याच्या उजेडात ज्याचे त्याचे व्यवहार चालतात. ईश्वराचे साक्षित्व व अलिप्तता तेथे या रोजच्या अनुभवातून स्पष्ट केली आहे. या उपमांचा स्तंभलेखाशी थेट संबंध जोडण्यास आधार नाही. तथापि दिवा हा त्या काळच्या घराचा व देवळाचा किती निकटचा विषय होता, हे दोहोंवरून दिसते.

मूळ करवीरेश्वर मंदिर व त्यातील दीप आज अस्तित्वात नाहीत. स्तंभाभोवती आता ज्ञानेश्वरांचे मंदिर असून, तेलाच्या तरतुदीसाठी कोरलेला दगडच तेथे पूजनीय ठरला आहे.