लसीच्या सूत्रावर परकी नजर

१८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाला चीनला धाडले. चिनी वेश करून तो चहाच्या मळ्यांत शिरला आणि रोपे, बियाणे, कारागीर असे सगळेच त्याने हिमालयाच्या उतारांवर आणवले.

पावणेदोनशे वर्षांनी चोरीच्या आरोपाचे बोट उलट चीनकडे रोखले गेले.

सायरस पूनावालांनी १९६६ साली पुण्यात उभारलेली सीरम इन्स्टिट्यूट २०२१ च्या आरंभी कोविशील्ड ही कोविडवरची लस देशोदेशी पाठवत होती. १ मार्चला रॉयटर्सची बातमी आली. चीनचे पाठबळ असलेल्या ‘एपीटी-१०’ ऊर्फ ‘स्टोन पांडा’ या हॅकर टोळीने सीरम आणि हैदराबादच्या भारत बायोटेक या लसनिर्मात्या कंपनीच्या संगणक यंत्रणेतले कच्चे दुवे हेरले, असा सायफर्मा या सायबर सुरक्षा कंपनीचा दावा होता. हेतू बौद्धिक संपदा लांबवण्याचा, असे सायफर्माच्या प्रमुखांचे म्हणणे. चोरी झाल्याचे मात्र सिद्ध झाले नाही.

टोळीची रीत जुनीच. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने तिच्याशी संबंधित दोन चिनी नागरिकांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. अनेक कंपन्यांची संगणक व्यवस्था सांभाळणाऱ्या कंत्राटदारांत घुसायचे, तिथून त्यांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचायचे, असा हा मार्ग होता.

पुण्याला परकी हॅकरांचा फटका त्याआधीच बसला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तिथे निदान गेलेल्या रकमेचा आकडा तरी मांडता आला.