हात लावून पाहण्याचा अधिकार

'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी वस्तुसंग्रहालयाची जणू ओळखच. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नियम उलटा आहे. तेथील विज्ञान उद्यान १९७९च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात खुले झाले, मुख्य केंद्र १९८५मध्ये. पडेगावहून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो, तेव्हा मुले कप्पीचा दोर ओढत होती आणि आम्ही सवयीने फलक वाचत होतो.

या उलट्या नियमाला इतिहास आहे. ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३मध्ये म्युनिक येथे स्थापन केलेल्या संग्रहालयात प्रेक्षकाने स्वतः कळ दाबावी, दांडा फिरवावा, अशी योजना होती. फ्रँक ओपेनहायमर यांना राजकीय संशयापायी विद्यापीठ सोडावे लागले. काही वर्षे पशुपालन केल्यावर ते शाळेत शिकवू लागले. १९६९मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' उघडले.

आमच्या शहरातील पाणचक्कीचे तत्त्वही हेच सांगते. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येई, उंचावरून पात्यांवर पडे आणि जाते फिरे. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी त्यावर पीठ दळले जाई. पाण्याच्या दाबाचे ज्ञान तेथे भाकरीपर्यंत पोहोचले होते.

उलट, प्रयोगवही उतरवून गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागते? विज्ञान केंद्राची सहल ही करमणूक खरीच. पण वर्गात नाकारलेला अधिकार तेथे तिकीट काढून मिळवावा लागतो, हे आम्हां अध्यापकांना अस्वस्थ करणारे आहे.